"कॉइल जळालीय" म्हणे!

आमच्या कॅलेंडर घड्याळाचे काटे ठणठणीत चालत होते, तारीख तेवढी 17 वर अडून बसली. या घड्याळात मध्यरात्री एक चकती धातूच्या दोन पत्त्या क्षणभर जुळवते, बॅटरीचा करंट कॉइलला (तारेच्या गुंडाळीला) मिळतो आणि कॉइल चुंबक बनून, खटका ओढून तारीख पुढे ढकलते. दिवसातून एकदाच. म्हणजे आधी पत्त्या तपासायच्या. ही अक्कल मला नंतर आली. तेव्हा घड्याळ उचललं आणि दुरुस्तीला दिलं.

कारागिराने झाकण उघडून वास घेतला (खरंच घेतला!) आणि म्हणाला, "साहेब, कॉइल जळालीय. नवीन गुंडाळावी लागेल." आठवड्याने घड्याळ देताना त्याने काटे फिरवून बारावर आणले, तारीख खटकन बदलली. मी खूश. बिलावर 'नवीन कॉइल', पैसेही त्याच हिशेबाने.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी झाकण मीच काढलं. देण्याआधी सहज काढलेला फोटो शेजारी धरला: तीच कॉइल, तीच पिवळी पडलेली टेप, डागाचा तोच ओघळ. बॅटरीच्या वायरी थेट कॉइलला टेकवल्या, तर खटका लगेच ओढला गेला. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. कोणी कॉइल जळाली म्हटलं की समोर करून दाखवायला सांगा.

पत्त्यांची दशा बघून मात्र जीव हळहळला. पत्त्या जिथे एकमेकींना टेकतात त्या टिकल्या काचपेपरने घासलेल्या, चांदीचा मुलामा जाऊन पितळ उघडं पडलेलं, वरून तेलाचा फवारा. चांदीवरचा काळा थर गेला म्हणून तारीख तात्पुरती पळाली. पुढे ठिणगीने तेल जळून काजळी धरली आणि करंट पुन्हा अडला.

खरं काम केवढं? बॅटरी काढायची, साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टिकल्यांमध्ये धरायची, पत्त्या हलक्या दाबून पट्टी ओढायची. काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत. मग एकदा कोरडी पट्टी. पत्त्या वाकवायच्या नाहीत. मिटलेल्या पत्त्यांवर मल्टिमीटरने (विजेचा अडथळा मोजणाऱ्या मीटरने) 1 ओहमपेक्षा कमी दाखवलं की झालं.

कारागिराकडे परत जाऊन जुनी कॉइल मागितली. त्याने खण उपसून एक कॉइल हातावर ठेवली. ती आमच्या घड्याळात मावलीसुद्धा नसती.