राइल्स ट्यूब, १६ नंबर : दोन माणसांसाठी वापरल्यानंतरचा अभिप्राय

नाकातून पोटात पातळ अन्न सोडायची ही नळी कोथरूडला आमच्या मेडिकलवाल्याकडे शंभराच्या आत मिळते. मऊ, पारदर्शक प्लास्टिक, लांबी १०५ सेंटिमीटर, आत किती गेली ते कळायला खुणा आणि एक्स-रेत दिसावी म्हणून कडेने रेघ. एक टोक पोटात, दुसरं बाहेर; नळी नाकाच्या शेंड्यावर चिकटपट्टीने धरलेली. राइल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरची म्हणून राइल्स ट्यूब; वॉर्डात सगळे नुसतं 'आरटी' म्हणतात. वस्तूबद्दल तक्रार नाही. पाकिटावर लिहिलेलं काम ती चोख करते.

पहिल्यांदा माझ्या वडिलांसाठी घेतली, दहा वर्षांपूर्वी. अर्धांगाचा झटका आला होता, घोटभर पाणी दिलं तरी ठसका. गिळणं परत येईल, तोवर नळी, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेविसाव्या दिवशी ती निघाली. चौथ्या महिन्यात बाबांनी नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ खाल्ली आणि वर स्लाइस जादा मागितले. या वापराला पाचपैकी पाच.

दुसऱ्यांदा सासूबाईंसाठी. वय ८७, स्मृतिभ्रंश नऊ वर्षांचा. बोलणं बंद, अंथरुणावरच. मुलालाही ओळखत नव्हत्या, पण बोटं मात्र दिवसभर वाती वळायची. कापूस नसला तर पदराचं टोक. गेल्या एप्रिलमध्ये छातीत कफ झाला म्हणून दवाखान्यात नेलं आणि त्याच रात्री आरटी टाकली. नवऱ्याने सह्यांच्या गठ्ठ्यात त्याचीही सही केली असणार. मी तेव्हा खाली कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत होते. वर आले तर नळी बसलेली.

त्यांनी ती उपटली. पुन्हा टाकली. पुन्हा उपटली. तिसऱ्यांदा उपटल्यावर सिस्टरनी दोन्ही हातांना जाड कापडी मोजे चढवले आणि मनगटं पलंगाच्या दांडीला बांधली. सिस्टर वाईट नव्हत्या हो. दर दोन तासांनी डोकं वर करायच्या, नळी जागेवर आहे का बघायच्या, २०० मिली हळूहळू सोडायच्या, मग पाणी. तक्त्यावर सगळं नीट लिहिलेलं. फक्त वाती थांबल्या.

कधी काढायची, असं मी राउंडवरच्या डॉक्टरांना विचारलं. "खायला लागल्या की." आता खाणं थांबलं होतं ते स्मृतिभ्रंशानेच, आणि तो आजार उतरणारा नव्हता. म्हणजे कधीच नाही, हे मला जिन्यात उमगलं.

मैत्रिणीने पॅलिएटिव्हच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायचं बघणाऱ्या, एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. त्या पाऊण तास बसल्या, त्यातली पहिली पाच मिनिटं सासूबाईंचा हात धरून. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणाल्या. छातीत अन्न जाणंही थांबत नाही, कारण लाळ जाते ती जातेच आणि पोटातलंही वर येतं. वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच लिहून ठेवलंय की अशा रुग्णांना नळी नको, हाताने जपून भरवा. "उपाशी ठेवायचं नाहीये," त्या म्हणाल्या, "घेतील तेवढं द्यायचंय."

हे नाशिकला नणंदेला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वहिनी, तू आईला उपाशी मारणार?" सुनेने हे ऐकायचं म्हणजे काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी विनोबांचं काढलं. १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्नपाणी सोडलं, आपण हात जोडतो ना? ती पटकन म्हणाली, "विनोबांना कळत होतं. आईला कुठे कळतंय?" याला माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही. तीनदा उपटली म्हणजे नको म्हणाल्या, असं मी धरलं. नाकात काही टोचलं तर लहान मूलही उपटतं, हेही खरं आहे.

सतराव्या दिवशी नळी काढून घरी आणलं. भाताची पातळ पेज, त्यात तूप आणि चिमूटभर मेतकूट. मे महिना, म्हणून आमरस. बसवून, छोट्या चमच्याने, गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा घास. एका वेळेला तास जायचा. कधी बारा चमचे, कधी दोन, कधी तोंड फिरवायच्या की थांबायचं. ब्यूरोतून देखभालीला आलेल्या मावशींना हे थांबणं जमेना, "अजून एक घास, आजी" चालूच. चौथ्या दिवशी वाती सुरू झाल्या.

एकोणचाळीस दिवसांनी गेल्या. नणंद शेवटचे दहा दिवस इथेच होती, तीच भरवायची. तरी "नळी असती तर दिवाळी बघितली असती" हे तिने गणपतीत म्हटलंच. रात्री दोनला मलाही ते ऐकू येतं.

तर या दुसऱ्या वापराला तारे देत नाही. नळीचा दोष नाही, पण घेण्याआधी किती दिवसांसाठी आणि कशाची वाट बघत, एवढं लिहून मागा.

आम्ही दोघांनी आपापली वैद्यकीय इच्छापत्रं करून टाकली, म्हणजे स्वतःला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, ते आधीच लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. शिवाजीनगर कोर्टाबाहेर काम झालं. कागद ज्या ड्रॉवरमध्ये आहेत तिथेच एक न फोडलेली नळी पडून आहे, 'स्पेअर ठेवा' म्हणून घ्यायला लावलेली. मेडिकलवाला परत घेत नाही. झटका आला आणि गिळणं परत येण्यासारखं असेल तर नळी चालेल, असं दोघांनीही लिहिलंय. मी मुदत तीन आठवडे घातली. नवऱ्याने सहा.