विषयशिक्षकांसाठीचा ‘सांस्कृतिक विविधता’ संच : कालगणना उत्तम, भूमिती वरवरची

उच्च प्राथमिक वर्गांसाठीचा हा संच आमच्या शाळेने गेल्या वर्षी विकत घेतला. त्यात हस्तपुस्तिका, कार्डे आणि भिंतीवर लावायचे तक्ते असून, सांस्कृतिक विविधतेसाठी वेगळा दिवस न ठेवता ती गणित, विज्ञान आणि भूगोलाच्या नेहमीच्या तासांतूनच शिकवता यावी, असा त्याचा हेतू सांगितलेला आहे. पहिलीच आवृत्ती असल्यामुळे आणि पुढे दाखवलेले दोष दुरुस्त होण्याजोगे असल्यामुळे प्रकाशकाचे नाव देत नाही.

संचातला सर्वांत भक्कम भाग कालगणनेचा आहे. दिवाळी दरवर्षी मागेपुढे का होते, रमजान सगळ्या ऋतूंतून का फिरतो आणि नाताळ मात्र जागचा का हलत नाही, हे प्रश्न मुलांच्या घरातलेच असतात. इथे त्यांची उत्तरे वजाबाकी आणि भागाकारातून काढायची आहेत. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी. हिजरी कालगणना हा फरक भरून काढत नाही, म्हणून रमजानची फेरी पूर्ण व्हायला साधारण 33 वर्षे लागतात. पंचांग तो अधिक मासाने भरून काढते. पारशी शहेनशाही वर्ष बरोबर 365 दिवसांचे असून त्यात लीप दिवस नाही, त्यामुळे 2023 साली 16 ऑगस्टला आलेले त्यांचे नववर्ष 2024 साली 15 ऑगस्टला आले. रायगडच्या गावांत ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची हिब्रू कालगणनाही 19 वर्षांत सात अधिक महिने धरते, हे कार्ड तर विशेष चांगले उतरले आहे. 19 वर्षांत असे 235 चांद्रमास होतात. सातवीच्या मुलांनी 235 गुणिले 29.53 (चांद्रमासाचे दिवस) आणि 19 गुणिले 365.25 (सौरवर्षाचे दिवस) हे दोन्ही गुणाकार करून पाहिले, तेव्हा उत्तरे 6939.55 आणि 6939.75 दिवस आली आणि उरलेल्या फरकाचे तास किती, यावर वर्गात वाद रंगला. इथे संस्कृती बाजूला काढली तर गणितच उरत नाही, आणि अशा संचाची माझ्या मते हीच खरी कसोटी आहे.

या कसोटीवर भूमितीचा विभाग उतरत नाही. वारली चित्रातले माणसाचे शरीर टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे असते. त्यांच्या बाजू सरळ रेषेत वाढलेल्या असतील तर विरुद्ध कोन एकरूप असतात, आणि नसतील तर काय होते, हे तिथल्या तिथे मोजून पाहता आले असते. संचात मात्र ‘आकृती रंगवा’ एवढेच सांगितले आहे. शाब्दिक उदाहरणांची गत त्याहून वाईट आहे, कारण पाठ्यपुस्तकातल्या रमेशच्या जागी समीना, पेढ्यांच्या जागी खजूर घातले आणि उदाहरण तसेच ठेवले, एवढ्याने विविधता येत नाही. (मुलांच्या हे चटकन लक्षात येते, आणि मग ती हसतात.)

विज्ञानातला मापांचा धडा मात्र उपयोगी आहे. चार शेरांची पायली असली तरी पायली सगळीकडे सारखी नव्हती. मुलांनी घरून आणलेली जुनी मापे पाण्याने भरून मोजपात्रात ओतली की प्रमाणित एककाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शहरी शाळेत अशी मापे मिळणे कठीण, याचा विचार हस्तपुस्तिकेत केलेला दिसत नाही. भूगोलाची कार्डे सणांच्या यादीपलीकडे जात नाहीत.

भाषा स्वच्छ आहे आणि शिक्षकासाठीच्या सूचना नेमक्या आहेत. तक्त्यांचा कागद पातळ असल्याने ते लॅमिनेट करून घ्यावे लागतात. गणिताच्या शिक्षकाने केवळ कालगणनेच्या कार्डांसाठी हा संच घ्यायला हरकत नाही, पण प्रकाशक ती सुटी विकत नाही आणि पूर्ण संचाची किंमत लहान शाळेला जड जाते, म्हणून केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी मिळून एक संच घेणे अधिक व्यवहार्य ठरेल.