ड्यूशेन कुठवर पोचला: विम्याचे दावे की रुग्णनोंदणी?

मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारे आनुवंशिक आजार; ड्यूशेन हा त्यातलाच, मुख्यतः मुलग्यांना होणारा एक गंभीर प्रकार. अमेरिकेत हा आजार कसा वाढत जातो, हे शोधायला दोन वाटा आहेत: विमा कंपन्यांकडचे दावे आणि सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची 'एमडी स्टारनेट' ही रुग्णनोंदणी.

दाव्यांत माणसं भरपूर आणि तारखा पक्क्या. पण मुलगा किती पावलं चालला, जमिनीवरून उठायला किती सेकंद लागले, यातलं काहीच तिथे नसतं. मग खुणांवरून अंदाज बांधायचा: स्टेरॉइड सुरू झालं, व्हीलचेअरचं बिल आलं, पुढे श्वासाचं यंत्र. त्यातही व्हीलचेअरचं बिल म्हणजे चालणं थांबल्याचा दिवस नव्हे. लांबच्या अंतरासाठी ती आधीच घेतात, किंवा मंजुरीत महिने जातात. निदानाचा कोडही ढोबळ. १ ऑक्टोबर २०१८ पर्यंत बहुतेक डिस्ट्रॉफींना एकच जी७१.० होता, नंतरच्या जी७१.०१ मध्येही ड्यूशेन आणि तुलनेने सौम्य बेकर एकत्रच. विमा बदलला की माग बहुधा तुटतोच.

२००२ पासूनच्या स्टारनेटमध्ये प्रशिक्षित माणसं रुग्णाची कागदपत्रं वाचतात, निदान तपासतात, चालणं कधी थांबलं ते नोंदवतात. मात्र ही नोंदणी निवडक भागांपुरतीच, आणि काम सावकाश.

औषधखर्च किंवा रुग्णालयातल्या भरतीसाठी मी दावे घेईन. चालणं कधी थांबलं, हे मात्र नोंदणीलाच विचारेन; आईवडिलांना तेच तर जाणून घ्यायचं असतं.