बारलाइनशिवाय आलाप लिहिताना: म्यूझस्कोअर आणि लिलिपाँडचा काही महिन्यांचा अनुभव

सांगलीत व्हायोलिन शिकवताना विद्यार्थ्यांना स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, आलाप लिहून देण्याची गरज वारंवार पडते. बंदिशीची अडचण नसते, कारण तीनतालाच्या 16 मात्रा चार-चारच्या बारमध्ये, म्हणजे उभ्या रेघांनी (बारलाइननी) पाडलेल्या खणांत, सरळ बसतात. आलापाला मात्र ताल नाही, आणि म्यूझस्कोअर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची सगळी मांडणीच बारवर उभी आहे. तेथे बारची लांबी हवी तेवढी वाढवता येते, तालचिन्ह आणि नोटांच्या दांड्या लपवता येतात. पण एक बार दोन ओळींत तुटत नसल्यामुळे लांब आलाप न्यासाच्या, म्हणजे स्वरावर थांबण्याच्या, जागी तोडून मधल्या बारलाइनही लपवाव्या लागतात.

खरी गोची या लपवलेल्या रेघांपाशीच होते. बिहागात ‘प, तीव्र म, प’ असा न्यास घेऊन पुढे ‘ग म ग’ येते. षड्ज सी धरला, तर तीव्र मध्यमाला एफ शार्प (स्वर चढवणारे चिन्ह) लागतो आणि स्टाफच्या नियमाप्रमाणे तो शार्प बारलाइनपर्यंत टिकतो. न्यासानंतर अदृश्य रेघ असल्याने सॉफ्टवेअरच्या हिशेबी शार्प तेथेच संपतो, म्हणून पुढच्या शुद्ध मध्यमाला ते नॅचरल (शार्प रद्द करणारे चिन्ह) छापत नाही. वाचणाऱ्याला मात्र रेघ दिसत नसल्यामुळे तो तीव्रच वाजवतो. असे नॅचरल शोधून हाताने द्यावे लागतात, आणि लांब आलापात हे काम अतिशय किचकट होते.

लिलिपाँड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर अक्षरांत टाइप करायचे असल्याने सुरुवातीला हात बसत नाही. तेथे ‘कॅडेंझा-ऑन’ ही आज्ञा लिहिली की बारची मोजणीच थांबते. ओळ जेथे तुटायला हवी तेथे रिकामी, म्हणजे न दिसणारी, बारलाइन द्यायची. त्याहून उपयोगी आहे ती ‘फर्गेट’ नावाची चिन्हशैली. तिच्यात शार्प फक्त त्याच नोटेपुरता राहतो, म्हणजे भातखंडे लिपीत प्रत्येक तीव्र मध्यमाच्या डोक्यावर स्वतंत्र रेघ असते तसेच. आमच्याकडच्या मुलांना ती सवय आधीपासून असते. मात्र हा नियम पानाच्या माथ्यावर छापणे आवश्यक आहे, नाहीतर पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक हमखास चुकेल.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, दोन्हीकडे ग्लिसांडोच्या (दोन नोटा जोडणाऱ्या) रेघेवरच भागवावी लागते, आणि ती अपुरीच वाटते. सध्या बंदिशी मी म्यूझस्कोअरमध्येच लिहितो, कारण मुलांना त्या घरी लगेच वाजवून ऐकता येतात. आलाप लिलिपाँडमध्ये लिहून फक्त छापील देतो. संगणकाने एकसारख्या लयीत वाजवलेला आलाप त्यांच्या कानावर न पडलेलाच बरा.