लहान बोटीने अलास्का: काही महिन्यांनंतरचं मत

अलास्काच्या क्रूझबद्दल कुणी विचारलं की मी आता एकच सांगते. हिमनद्या डोळे भरून बघायच्या असतील तर मोठं जहाज पुरेसं आहे, चांगलं आहे आणि कितीतरी स्वस्त आहे. पण तिथली जुनी बंदरं आणि त्यांच्या पाठीमागचं जंगल बघायचं असेल, तर लहान बोटीशिवाय ते जमत नाही. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबांना, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही जुनोहून निघालो आणि सिट्का, पीटर्सबर्ग, रँगल करत केचिकानला उतरलो. बोट सत्तरेक प्रवाशांची. परत आल्या आल्या लिहायला बसले असते तर बर्फ आणि देवमासे यांच्यापलीकडे काही सुचलं नसतं. आता मधे बरेच महिने गेलेत आणि मनात काय टिकलं ते नीट दिसतंय.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रश्न तोच असतो. मोठ्या जहाजावर आतली केबिन माणशी हजार डॉलरच्या आतबाहेर मिळून जाते. लहान बोटीचे आकडे पाच-सहा हजारांपासून सुरू होतात आणि जुलैचा मोसम, वरच्या मजल्यावरची केबिन असं धरलं तर सहज दुप्पट होतात. प्रवासी कमी, म्हणून खर्च वाटला जात नाही, हे उघडच आहे. दुसरं कारण कायद्याचं. १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशात नोंदलेल्या जहाजाला दोन अमेरिकन बंदरांमध्ये थेट प्रवासी नेता येत नाहीत. मोठी जहाजं बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात, म्हणून ती व्हँकुव्हरहून सुटतात किंवा सिअ‍ॅटलहून निघून कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकून येतात. लहान बोटींवर अमेरिकेचा झेंडा असतो आणि खलाशीही अमेरिकन पगारावर. त्या महाग पडतात, पण जुनोला सुरू होऊन केचिकानला संपू शकतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना याचा सरळ फायदा म्हणजे कॅनडाच्या व्हिसाची कटकट नाही. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा होता, तेवढ्यावर भागलं. सिअ‍ॅटलहून जुनो विमानाने अडीच तासांच्या आसपास. राज्याची राजधानी असूनही जुनोला बाहेरून रस्ता येत नाही.

ग्लेशियर बेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा बर्फाची भिंत जवळपास उपसागराच्या तोंडाशी होती. आज हिमनद्यांपर्यंत पोचायला बोटीला साठ-पासष्ट मैल आत जावं लागतं. त्या वाटेने जाताना बाहेरच्या बाजूला दाट जंगल, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ, आणि शेवटी उघडा खडक असा क्रम दिसतो. मार्जरी हिमनदीचा कडा पाण्यावर सुमारे २५० फूट उभा आहे. कडा तुटतो तेव्हा डोळ्यांना आधी दिसतं आणि आवाज नंतर पोचतो. हे सगळं मोठ्या जहाजावरूनही इतकंच भव्य दिसतं. लहान बोटीने आम्हाला जास्तीचं मिळालं ते बार्टलेट कोव्हला उतरणं. तिथे हूना त्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांचं पारंपरिक घर २०१६ पासून पुन्हा उभं आहे. बर्फ वाढत आला आणि त्यांच्या पूर्वजांना इथून निघावं लागलं. पुढे बर्फ मागे सरला, तोवर जागा सरकारी अभयारण्य झालेली. कोरलेल्या दर्शनी भिंतीसमोर उभं राहून ही हकीकत ऐकली की समोरच्या पाण्याकडे बघायची नजर बदलते.

सिट्कात मात्र मी रेंगाळणार आहे. हे गाव रशियन अमेरिकेची राजधानी होतं, नाव नवं अर्खांगेल्स्क. १८०२ मध्ये त्लिंगिटांनी रशियनांची पहिली वसाहत उद्ध्वस्त केली. १८०४ मध्ये रशियनांचा इथला प्रमुख बारानोव्ह ‘नेव्हा’ हे जहाज आणि शेकडो अल्यूत लोकांच्या होड्या घेऊन परत आला. त्लिंगिटांच्या किक्सअदी कुळाच्या लोकांनी कोवळ्या स्प्रूसच्या ओंडक्यांचा किल्ला बांधला होता. त्यावर तोफगोळ्यांचा फारसा परिणाम होईना. पण त्यांचा दारूगोळा घेऊन येणारी होडी वाटेतच स्फोटात गेली, आणि अखेर सगळं कुळ रातोरात बेटाच्या पलीकडे निघून गेलं. त्यांचा योद्धा कात्लियान याचं कावळ्याच्या तोंडाचं शिरस्त्राण आज शेल्डन जॅक्सन संग्रहालयात आहे. बाबा त्या काचेपुढून हलेनात. चोच, डोळे, घासलेलं लाकूड, सगळं हातभर अंतरावर. मग आम्ही कॅसल हिलवर गेलो. १८ ऑक्टोबर १८६७ ला इथेच रशियाचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. किंमत ७२ लाख डॉलर. ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलं नाही, हे आमच्या गाइडने शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. ती स्वतः त्लिंगिट होती. खाली सेंट मायकेलचं लाकडी चर्च आहे, १८४८ चं. १९६६ च्या आगीत ते जळालं, पण गावकऱ्यांनी आतल्या बहुतेक मूर्तिचित्रांना आणि मौल्यवान वस्तूंना हातोहात बाहेर काढलं, आणि पुढे चर्च जसंच्या तसं बांधलं. आमची बोट गावातच लागली होती, त्यामुळे संध्याकाळी जेवण झाल्यावरही पुन्हा फिरून येता आलं. मोठ्या जहाजाचा धक्का गावाबाहेर पाच-सहा मैलांवर आहे. तिथून बसने यायचं आणि ठरल्या वेळी परत फिरायचं.

चॅथम सामुद्रधुनीत अंगून गावाच्या बाजूने जाताना गाइडने आणखी एक प्रसंग सांगितला. २६ ऑक्टोबर १८८२ ला अमेरिकी नौदलाने या गावावर तोफा डागल्या, घरं आणि होड्या जाळल्या, हिवाळ्याचं साठवलेलं अन्न गेलं. नौदलाने जाहीर माफी मागितली ती २०२४ मध्ये, त्याच तारखेला. असल्या गोष्टी ऐकायला बोट हळू चालावी लागते आणि माणसं इतकी कमी असावी लागतात की प्रत्येकाला प्रश्न विचारता येईल.

त्याच पाण्यात आम्हाला हंपबॅक देवमासे शिकार करताना दिसले. कायद्याने शंभर यार्डांच्या आत जायचं नाही. कप्तानाने इंजिन बंद केलं आणि पाण्यात मायक्रोफोन सोडला. खाली एक देवमासा हेरिंग माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचं कडं करतो आणि दुसरा लांब, चढत जाणारा आवाज काढतो. तो आवाज अगदी टिपेला जाऊन तुटला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळे एकदम तोंडं उघडून वर आले. जबड्याच्या आतलं गुलाबी दिसलं, उडणारे मासे दिसले, वास आला. पुढच्या वेळी आईंनीच आधी ओळखलं. ‘आवाज चढतोय, आता येतील’ म्हणाल्या आणि आले.

आता ज्या दोन गावांसाठी मी ही सहल पुन्हा करेन ती गावं. पीटर्सबर्गला मोठी जहाजं येतच नाहीत. दक्षिणेकडून तिथे जायची रँगल नॅरोज ही वाट सुमारे २२ मैल लांब. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दोन्ही काठांवरची झाडं मोजता येतील. साठांवर दिवे आणि बोये लावलेत, रात्री त्यांना क्रिसमस ट्री लेन म्हणतात. भरती-ओहोटीचं गणित जमलं तरच कप्तान आत शिरतो. गाव नॉर्वेच्या लोकांनी वसवलं. पीटर बुशमन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मासे डबाबंद करायचा कारखाना काढला, कारण मासा जवळ आणि तो टिकवायला लकाँट हिमनदीचा बर्फ फुकट. सन्स ऑफ नॉर्वेचं १९१२ चं सभागृह पाण्यावर खांब रोवून उभं आहे, खिडक्यांच्या झडपांवर फुलांची नक्षी. पण मला आवडला तो धक्का. तिथे दुकानं नाहीत, जाळी आहेत. एक बाई जमिनीवर पाय पसरून जाळं दुरुस्त करत होती, तोंडात सुतळीचं टोक. बाबा मालवणचे. ते तिच्यापाशी बसले आणि गाठ कशी मारते ते बघत राहिले. भाषा अर्धवट, पण दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

रँगल हे त्याहून शांत. रशिया, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही सत्ता या एका गावाने पाहिल्या, कारण स्टिकीन नदीचं मुख इथून जवळ आणि फरचा व्यापार त्या नदीने चालायचा. ओहोटीला पेट्रोग्लिफ बीचवर गेलं की काळ्या दगडांवर कोरलेली वर्तुळं, चेहरे, मासे दिसतात. ओल्या दगडावर तिरकं ऊन पडलं की रेघ उठून दिसते, नाहीतर पायाखालून निसटते. धक्क्यावर टेबलं मांडून मुलं तामडे, म्हणजे गार्नेटचे लाल खडे, विकत होती. नदीच्या मुखाजवळ तामड्याचा एक पट्टा आहे. १९६२ मध्ये त्याची मालकी गावच्या मुलांसाठी देऊन टाकली, त्यामुळे हे खडे विकायचा हक्क मुलांचाच. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने आईंच्या तळव्यावर राखाडी चकाकत्या दगडात रुतलेला खडा ठेवला. जांभळट लाल, बारा बाजू निसर्गाने घासून दिलेल्या. छिन्नी कुठे लावायची, घाईत ठोकलं तर खडा कसा दुभंगतो, ते तिने हाताने करून दाखवलं. काही डॉलरांना मिळालेला तो खडा आता आईंच्या देवघराच्या कोपऱ्यात आहे.

जंगल म्हणजे टाँगस, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन. रबरी होडीतून दगडी किनाऱ्यावर उतरायचं, पाणी पिंढऱ्यांपर्यंत. मालवणला बोट दूर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं, अगदी तसंच, असं बाबा म्हणाले. मग शेवाळाच्या जाड थरावरून चालायचं. डेव्हिल्स क्लब नावाच्या झाडाच्या देठांनाच नाही, पानांच्या शिरांनाही काटे, म्हणून आधारासाठी काहीही धरायचं नाही. अस्वलांमुळे खिशात चिवड्याची पुडीसुद्धा चालत नाही, आणि वळणावर आवाज देत जायचं. भरती-ओहोटीत पंधरा-वीस फुटांचा फरक पडतो, त्यामुळे उतरलेली जागा परत येईपर्यंत ओळखू येत नाही.

बोटीबद्दल तक्रारी आहेत. माहितीपत्रकात कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, रोज दिसत होती, प्रत्यक्षात निम्म्या दिवशीच मिळाली, आणि त्याचं कारण आम्ही विचारेपर्यंत सांगितलं नाही. आमच्या केबिनमधलं गरम पाणी सकाळी गर्दीच्या वेळी कोमट व्हायचं. एवढे पैसे घेतल्यावर हे चालू नये. शाकाहारी जेवणाचं आधी लेखी कळवूनही पहिले दोन दिवस पास्ताच होता. आईंनी आचाऱ्याला भेटून मसुरीचं सूप कसं हवं ते सांगितलं, त्यानंतर मात्र त्याने मनापासून केलं. मेतकूट आणि लसणाची चटणी बरोबर न्याच. लिफ्ट नाही, जिने उभे, डॉक्टर नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या डेकवरची केबिन घेऊ नये, आणि विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना ते बघून घ्यावं. इंटरनेट नावापुरतं.

बोट लागण्याची भीती बहुतेकांना असते. बेटांच्या आडोशाने जायचं असल्यामुळे पाणी बव्हंशी शांत असतं, चॅथमसारख्या उघड्या पट्ट्यात थोडं हलतं. आईंना एकदाच त्यावरची गोळी घ्यावी लागली. पाऊस धरूनच चला. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबर खूप ओला. सामानात तीन गोष्टी चांगल्या घ्या: खरोखर पाणी न शिरणारं जाकीट, गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, आणि आठ पटीची दुर्बीण. दहा पटीची हलत्या डेकवर स्थिर राहत नाही. सिअ‍ॅटलच्या हिवाळ्यात हे तिन्ही मी दर आठवड्याला वापरतेय आणि एकानेही दगा दिलेला नाही.

इतके पैसे घालणं शक्य नसेल तर अलास्का मरीन हायवे ही राज्य सरकारची फेरी बघा. १९६३ पासून चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून सुटते आणि केचिकान, रँगल, पीटर्सबर्ग, जुनो ही बंदरं घेते, रँगल नॅरोजमधूनच जाते, कॅनडात थांबत नाही. केबिन नको असेल तर वरच्या डेकवर खुर्च्यांवर झोपता येतं, लोक तंबूसुद्धा लावतात. जंगलात ती उतरवणार नाही, पण गावात हवं तितकं राहता येईल. सिट्काची फेरी रोज नसते, म्हणून आधी वेळापत्रक बघा आणि मग मुक्काम ठरवा.