वर्गात साल्मनची टाकी: पाच महिन्यांनंतर

साल्मन माशाचं जीवनचक्र मी इतकी वर्षं फळ्यावर गोल काढून, बाण मारूनच शिकवत आलो. या वर्षी परवाना काढला, वर्गात थंड पाण्याची टाकी बसवली आणि हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करणाऱ्या केंद्रातून, चिनूक या साल्मनच्या जातीची अंडी आणली. पिल्लं गेल्या आठवड्यात नदीत सोडली.

अंडी वाटाण्याएवढी, नारिंगी. आत दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. भिंगातून बघता बघता एका मुलीला आतला जीव कूस बदलताना दिसला, आणि त्यानंतर टाकीजवळ सगळे आपोआप हळू बोलायला लागले.

या पाच महिन्यांत सर्वांत जास्त शिकवलं ते थर्मामीटरनं. चिनूकला अंड्याबाहेर यायला दिवस नव्हे, ऊब मोजावी लागते. रोजच्या तापमानाची बेरीज साधारण 500 अंशांवर गेली की पिल्लं बाहेर. पाणी 10 अंशांवर असेल तर 50 दिवस, 5 वर असेल तर 100. आमची अंडी हॅचरीतच 280 अंशांची बेरीज जमवून आली होती, टाकीतलं पाणी 9 अंशांवर. मुलांनी हिशेब मांडून शुक्रवार सांगितला. पण एका सुट्टीत चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) बंद पडला, सोमवारी पाणी 16 वर. सात अंडी पांढरी पडली होती. बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरू नये म्हणून ती ड्रॉपरनं एकेक करून उचलली, तेव्हा वर्ग गप्प होता. उरलेली गुरुवारीच फुटली. वाढलेले अंश बेरजेत धरायचे राहिले होते, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं. चिलर घेताना तापमान वाढल्यावर वाजणारा अलार्म त्याच वेळी घ्या. माझी ती चूक झाली.

फुटलेली पिल्लं पोटाला बलकाची पिशवी लटकवून खड्यांच्या फटीत शिरतात. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून टाकीला चारही बाजूंनी फोम लावा आणि बघण्यापुरती एक झडप ठेवा. पिशवी आटेपर्यंत खायला काहीही घालू नका. नंतर खाणं सुरू झालं की अमोनिया वाढतो. टाकी आधी महिनाभर रिकामी चालवून अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू टाकीत वाढू दिले, त्याचा फायदा तेव्हा झाला.

टाकीची खरी उणीव अशी की ती गोष्ट अर्ध्यावर सोडते. समुद्र, परतीचा प्रवास, अंडी घालून मरणं, यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी दोन खेळ केले. एका मादीची अंडी म्हणून 3,000 मणी मोजले (दोन तास गेले!) आणि पूर, मासे, पक्षी, जाळी अशा चिठ्ठ्या काढत ते कमी करत गेलो. संख्या टिकायची तर शेवटी सरासरी दोन मणी उरायला हवेत. दुसरा वासाचा. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर यांनी दाखवून दिलं होतं की साल्मन आपला जन्माचा ओढा वासावरून ओळखतो. बंद डब्यांत पुदिना, लवंग, लिंबू ठेवून प्रत्येकाला आधी एक वास दिला आणि आठवड्यानंतर ‘घर’ शोधायला लावलं. चौघे चुकले. त्यातल्या एकानं विचारलं, ‘चुकलेला मासा कुठे जातो?’ काही मासे खरंच दुसऱ्या ओढ्यात जातात आणि तिथे नवी वस्ती होऊ शकते. तो तास तिथेच रंगला. जीवनचक्राची रंगीत चक्रं कापून चिकटवण्याचा उपक्रम मात्र पुन्हा करणार नाही.

पिल्लं सोडायची ती परवान्यात लिहिलेल्या नदीतच. तिथे बादलीत नदीचं पाणी थोडं थोडं मिसळत अर्धा तास थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी एका मुलानं बादलीत थर्मामीटर घातला आणि वहीत शेवटचा आकडा लिहिला: 7.