सातपुड्यातील काटे आणि ट्यूबलेस टायर

रावेर तालुक्यातील पालच्या आसपासच्या जंगलवाटांवर माउंटन सायकल चालवणाऱ्याला चढणीपेक्षा बोरी-बाभळीचे काटेच अधिक वेळा थांबवतात. शेतांच्या कुंपणाच्या काटेरी फांद्या वाटेवर येऊन पडतात, बैलगाड्यांच्या चाकोरीत त्यांचे तुकडे दबून राहतात आणि ते नजरेस पडेपर्यंत चाक त्यांवरून गेलेले असते. एकाच सकाळी तीन पंक्चर काढावी लागल्यानंतर, गेल्या नोव्हेंबरात, मी जळगावातील एका दुकानातून माझ्या २९ इंची सायकलीची दोन्ही चाके ट्यूबलेस करून घेतली. टायर वगळता अडीच हजार रुपये लागले आणि ते सार्थकी लागले, असे माझे मत आहे.

या पद्धतीत ट्यूब काढून रिमवर हवाबंद पट्टी चिकटवतात आणि प्रत्येक टायरमध्ये सुमारे १०० मिलिलीटर सीलंट, म्हणजे लॅटेक्सचा द्रव, घालतात. काटा निघताच हवेबरोबर हा द्रव छिद्राकडे येतो व तेथे घट्ट होऊन बसतो. मला मात्र याहूनही मोलाची वाटली ती हवा कमी ठेवण्याची मोकळीक. पूर्वी हवा थोडी कमी झाली, की दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडत. आता माझ्या ७० किलो वजनाला २४ पीएसआय दाब पुरतो, त्यामुळे सुट्या मुरमाच्या चढणीवर मागचे चाक जागच्या जागी फिरत नाही आणि सुकी नावाच्या नदीच्या काठच्या दगडगोट्यांवरून जाताना मनगटांना बसणारे हादरे स्पष्टपणे कमी झाले आहेत. पावसाळ्यातील काळ्या मातीवर याचा काहीच इलाज नाही. ती टायरला थापली गेली, की सायकल खांद्यावरच घ्यावी लागते.

दुकानाच्या कामात दोन उणिवा राहिल्या. पट्टी रिमच्या मानाने अरुंद लावल्यामुळे पहिल्या रात्रीच हवा उतरली; ती त्यांनी विनातक्रार बदलून दिली. सीलंट वाळते, हे मात्र कोणीही सांगितले नाही. एप्रिलच्या मध्यावर टायर उघडला, तेव्हा आत रबराच्या कोरड्या साली तेवढ्या उरल्या होत्या. आपल्याकडच्या उन्हात दर दोन महिन्यांनी सीलंट पाहून भर घालावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. जवळ एक ट्यूब तरीही बाळगावी, कारण टायरची बाजू दगडाने चिरली तर सीलंट अपुरे पडते. ती ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवून सगळे काटे उपसून काढावेत. सीलंटमुळे आजवर कळलेही नाहीत असे पाच-सहा काटे तेथे हमखास सापडतात.